तान्ह्या बाळांची अ‍ॅलर्जी : आपले अनुभव

बाळाच्या अंगावर गांधी उठल्या की घरात सल्ले पुष्कळ मिळतात. पण घरी थांबून काय पाहावे आणि काय दिसताच रुग्णालय गाठावे, हे आधीच माहीत असलेले बरे. आपण काय केले ते सविस्तर लिहावे. औषधाची मात्रा मात्र लिहू नये, कारण ती बाळाच्या वजनावर ठरते.

एक आई, पुणे
माझी मुलगी केवळ अंगावर पीत असतानाही तिच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसू लागले. गाईच्या दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी असावी, असे बालरोगतज्ज्ञांनी सांगितले. त्यांनी स्तनपान थांबवू दिले नाही. माझ्याच आहारातून दूध, दही, पनीर आणि खवा बंद करून मला कॅल्शियम सुरू केले. सासूबाईंनी मायेने शेळीचे दूध सुचवले होते, परंतु त्यातील प्रथिने गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की अशा बहुतेक बाळांना तेही सोसत नाही. रक्त थांबल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी पुन्हा दूध घेतले, लक्षणे परतली आणि तेव्हाच निदान पक्के झाले.

एक वडील, नाशिक
अंडे भरवल्यावर थोड्याच वेळात मुलाच्या तोंडाभोवती गांधी आल्या, पाठोपाठ उलटी आणि खोकला सुरू झाला आणि तो मलूल पडला. आम्ही १०८ क्रमांकावर फोन केला. मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिल्यावर तो सावरला. लक्षणे पुन्हा उसळू शकतात म्हणून काही तास देखरेखीखाली ठेवले. अ‍ॅलर्जीच्या सिरपने खाज कमी होते, श्वासावरचे संकट टळत नाही.

औषधविक्रेती, कोल्हापूर
रात्री बाळ झोपावे म्हणून मोठ्या भावंडाचे सिरप मागणारे पालक येतात, तेव्हा मी ठामपणे नकार देते. अशा काही सिरपमध्ये असलेल्या प्रोमेथाझिन या गुंगी आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या औषधामुळे दोन वर्षांखालील मुलांचा श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो.

एक आई, लंडन
मुलाला तीव्र एक्झिमा, म्हणजे त्वचा कोरडी पडून खाजण्याचा आजार होता. अशा बाळांना शेंगदाणा लवकर दिल्यास त्याची अ‍ॅलर्जी पुष्कळ टळते, असे येथील २०१५च्या संशोधनात दिसले. आम्ही आधी तपासणी करून घेतली आणि मगच बारीक कूट पेजेत कालवून दिले. अख्खा दाणा घशात अडकतो, म्हणून तो अजूनही देत नाही.