मदत हवी आहे : कौलारू घराचा माळा राहण्याजोगा करायचाय

मंडळी, आमचं दापोली तालुक्यात जुनं चिरेबंदी घर आहे, मंगलोरी कौलं, माजघरावर फळ्यांचा माळा. पूर्वी नारळ, भाताच्या कणग्या असं सगळं वर असायचं, आता नुसती अडगळ नि उंदीर. गणपतीत, मे महिन्यात सगळे आले की झोपायला जागा पुरत नाही म्हणून तिथे एक खोली काढायचा विचार आहे.

आढ्याखाली उंची साधारण नऊ फूट, पण कडेला जेमतेम तीन, म्हणजे उभं राहायला मधला पट्टाच. चूल बंद होऊन गॅस आल्यापासून वर धूर जात नाही, त्यामुळे की काय, दोन वाशांना भुंगा लागलाय, ते बदलणारच. खरा प्रश्न उकाड्याचा. एप्रिलमध्ये दुपारी वर पाच मिनिटं थांबवत नाही. सुतार म्हणतो कौलांखाली पीव्हीसीचं सीलिंग मारा, पण मग पावसात कौल सरकून गळती लागली तर कळणार कसं, नि आत ओल धरून रिपा (कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्या) कुजल्या तर? पत्रा घाला म्हणणारेही भेटले, निसर्ग वादळात 2020 ला आमची निम्मी कौलं गेली तेव्हापासून गावात तोच सल्ला, पण पावसात पत्र्याखाली झोपून बघा एकदा!

कोणी असं काम केलंय का? सीलिंग नि कौलांत हवेला किती फट ठेवलीत? उजेडाला काचेची कौलं पुरतात की खिडकी काढावीच लागते? आणि जुन्या भालांवर (माळ्याच्या फळ्यांखालच्या आडव्या तुळयांवर) पलंग-कपाटाचं वजन झेपेल का हे नक्की कोणाला दाखवायचं, सुताराला की इंजिनिअरला?