१९७७ चा 'स्टार वॉर्स' जसा होता तसा दाखवायचाय, कुठली फॅन ट्रान्सफर बरी? (काका ऑपरेटर होते)

पलासियाकर:
मंडळी, सल्ला हवाय. माझे काका इंदुरातल्या एका टॉकीजमध्ये २४ वर्षं ऑपरेटर होते. टॉकीज पाडून तिथे कधीच कॉम्प्लेक्स झालंय. पुढच्या महिन्यात काकांची पंचाहत्तरी. शाल-श्रीफळ, औक्षण असलं काही त्यांना नको, म्हणून गच्चीवरच्या खोलीत प्रोजेक्टर लावून त्यांनी कधीकाळी स्वतः चालवलेला पिक्चर त्यांना दाखवायचं ठरवलंय. 'स्टार वॉर्स', पहिला.

रंगीत तालीम म्हणून मागच्या रविवारी ओटीटीवरचा लावला. पाऊण तास गप्प बसले. मग ते बंदराच्या गावात शिरतात तिथे एक अगडबंब जनावर कॅमेऱ्यासमोरून आडवं गेलं आणि काका म्हणाले, "हे कुठून आलं? रोज चार खेळ लावायचो मी, हे कधी दिसलं नाही." गुत्त्यातल्या गोळीबारापाशी तर चहा करायला उठूनच गेले.

मग खोदकाम केलं. १९९७ ची स्पेशल एडिशन, २००४ ची डीव्हीडी, २०११ ची ब्लू-रे, २०१९ ची ओटीटी, दर वेळी काहीतरी नवं घुसडलंय. मूळ रूपासाठी लोकांनी स्वतः केलेल्या प्रती आहेत म्हणे: डीस्पेशलाइज्ड, ४के७७ (तीही डीएनआरसकट, म्हणजे चित्रातला रवाळपणा, ग्रेन, पुसून, आणि डीएनआरशिवाय), लेसरडिस्कवरून (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क) उतरवलेल्या. माझा प्रोजेक्टर १०८०पी आहे, भिंतीवर साधारण ९० इंचांचं चित्र पडतं. काय लावू?

तिलकनगर_ताई:
आधी अधिकृत काय आहे ते बघून घे. २००६ च्या डीव्हीडी संचात दुसऱ्या डिस्कवर मूळ चित्रपट बोनस म्हणून दिला होता. माझ्याकडे आहे. पण तो १९९३ च्या लेसरडिस्कसाठी केलेल्या मास्टरवरून उचललाय आणि वरखालच्या काळ्या पट्ट्या चित्रातच भाजलेल्या आहेत. एनटीएससी (अमेरिकी टीव्ही पद्धत) डिस्कच्या ४८० ओळींतल्या प्रत्यक्ष चित्राला मिळतात जेमतेम २७०. ९० इंचांवर ते भिजलेल्या पापडासारखं दिसेल.

माझं मत डीस्पेशलाइज्डला. ७२०पी आहे, पण तुझ्या भिंतीवर ते खटकणार नाही. २०११ ची ब्लू-रे पायाला घेऊन नवे तुकडे काढलेत आणि त्या जागी डीव्हीडी, जुन्या प्रिंटचे स्कॅन असं जे मिळेल ते बसवलंय. अक्षरशः गोधडी आहे, पण टाके दिसत नाहीत.

जुनीरीळ:
ताई, गोधडी सुंदर आहे हे मान्य. पण इथे बघणारा माणूस कोण आहे ते बघा. ऑपरेटर! त्यांनी निगेटिव्ह पाहिली नाही, मास्टर पाहिला नाही. त्यांनी प्रिंट पाहिली. हाताने गुंडाळलेली, तुटली तर फिल्म जोडायचं सिमेंट लावून चिकटवलेली. त्यांना प्रिंटच दाखवा.

थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे सगळे रिझोल्यूशनवर भांडतात आणि चित्र कशावरून घेतलंय ते कोणी विचारत नाही.

त्या काळच्या बहुतेक रंगीत प्रिंट ईस्टमन पद्धतीच्या. त्यातला निळसर रंग, सायन, आधी उडतो आणि काही वर्षांत प्रिंट लाल पडते. आकाश गुलाबी, माणसं डाळिंबासारखी. नुसती डब्यात ठेवली तरी पडते. अशा प्रिंटचा कितीही भारी स्कॅन केला तरी गेलेला रंग परत येत नाही, संगणकावर अंदाजाने भरावा लागतो. जुन्या पिक्चरच्या फॅन स्कॅनमध्ये सावल्या तांबूस आणि गवत करड्या रंगाचं दिसलं की समजा, लाल प्रिंट ओढूनताणून हिरवी केलीय.

टेक्निकलरची रंग-छपाईची पद्धत निराळी. आपल्या धार जिल्ह्यातल्या बागची छपाई पाहिलीय ना? एका रंगाचा ठसा, मग त्यावर दुसऱ्याचा. तसंच तीन रंगांचे तीन साचे, एकामागून एक फिल्मवर उमटवायचे. हे रंग उडत नाहीत. अमेरिकेत ही पद्धत तोवर बंद पडली होती, ब्रिटनमध्ये चालू होती, आणि या पिक्चरच्या काही प्रिंट तशा निघाल्या. ४के७७ जवळजवळ पूर्णपणे अशाच एका ३५ मिमी टेक्निकलर प्रिंटवरून स्कॅन केलंय. म्हणजे १९७७ ला पडद्यावर जो रंग पडत होता त्याच्या इतकं जवळ दुसरं काही नाही. १९९७ च्या वेळी मूळ निगेटिव्हच कापून नवे तुकडे जोडले गेले, तेव्हा या चाहत्यांनी प्रिंटच्या मागे लागणं साहजिकच होतं.

आता कमीपणा. रिलीज प्रिंट म्हणजे निगेटिव्हच्या नकलेच्या नकलेची नक्कल. ग्रेन भरपूर, काळा रंग गच्च, अंधाऱ्या दृश्यांत बारकावे बुडालेले. ब्लू-रेची सवय असलेला माणूस म्हणेल, हे काय धुरकट. काका नाही म्हणणार.

सराफा_रात्री_बारा:
लिंक द्या ना भिया. इतकं भाषण देऊन राहिले.

अनुस्वार:
लिंक इथे टाकू नका, मागू नका. या मंडळींचा स्वतःचा नियम आहे की ज्याच्याकडे अधिकृत डिस्क आहे त्यानेच घ्यावं, आणि कोणी पैसे मागत असेल तर तिथून पळावं. जेल रोडवर पेनड्राइव्हमध्ये 'ओरिजिनल फोर के' भरून देतो म्हणणारे भेटतात. मी एकदा घेतलं. २०११ च्या ब्लू-रेचं नाव बदलून दिलं होतं, सगळी जनावरं जागच्या जागी.

पलासियाकर:
२००६ चा संच मागवला, ताई. जुना, पण डिस्क स्वच्छ आहेत. जुनीरीळ, बागचं उदाहरण काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बरोबर आहे, पण त्याला लिही की आमच्याकडे यायची तोवर कुठलीही प्रिंट चाळणीच झालेली असायची."

डीएनआरवाली घेऊ की बिनडीएनआरची? आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतायत गणपतीत सगळ्यांनाच दाखवू.

अनुस्वार:
गणपतीत नको. सार्वजनिक खेळाला हक्कधारकाची परवानगी लागते, आणि फॅन प्रतीला ती कोण देणार? घरात, घरच्यांपुरतं.

जुनीरीळ:
बिनडीएनआरची. विचारायचं कामच नाही.

तिलकनगर_ताई:
विचारायचं काम आहे. डीएनआर म्हणजे ग्रेन पुसणं, आणि जास्त पुसलं की चेहरे मेणाचे होतात हे खरं. 'प्रीडेटर'ची २०१० ची ब्लू-रे बघा, सगळे जण नुकतेच फेशियल करून जंगलात आल्यासारखे. ती तर अधिकृत होती! 'एलियन्स'ची अलीकडची ४के डिस्कही तशीच, संगणकाने इतकी घासूनपुसून काढलीय की पुष्कळ जण जुन्या ब्लू-रेकडे परत गेले. पण ४के७७ चं डीएनआर हलक्या हाताने केलंय. स्वस्त प्रोजेक्टरवर जाड ग्रेन मुंग्यांसारखा वळवळतो. त्यात फाइल लहान करताना कोणी जास्त दाबली असेल तर ग्रेनचे चौकोन होतात. तेव्हा दोन्हींची पाच-पाच मिनिटं तुझ्याच भिंतीवर लावून बघ. वाळवंटातलं एक दृश्य, यानाच्या आतलं एक अंधारं. मोबाइलवर स्क्रीनशॉट बघून ठरवू नकोस.

जुनीरीळ:
स्क्रीनशॉटबद्दल ताईंना शंभर टक्के अनुमोदन. आणि तुलना करायचीच तर नेमकी तीच फ्रेम घ्या आणि पीएनजीत साठवा. जेपीजीत साठवून कुठली प्रत 'सॉफ्ट' आहे यावर तीनतीन दिवस भांडणारे लोक मी पाहिलेत. शार्पनिंगचंही तसंच. स्क्रीनशॉटमध्ये मस्त वाटतं, मग दोन तास डोळे दुखतात. पोह्यांवर जिरावन चिमूटभरच बरं.

बडोदेकर:
बडोद्याहून मधेच तोंड घालतो. चित्रावर एवढं चाललंय, आवाजाचं कोणी बोललंच नाही.

१९७७ मध्येच या पिक्चरची तीन ध्वनिमिश्रणं होती: ७० मिमीसाठी सहा ट्रॅकचं, ३५ मिमीसाठी डॉल्बी स्टिरिओ, आणि साध्या थिएटरांसाठी मोनो. मोनो थोडं वेगळं आहे. नायकाच्या काकूचा आवाजच दुसऱ्या बाईचा आहे, आणि दरवाजे बंद करा असं शिपाई ओरडतो ते वाक्य मोनोत आहे, स्टिरिओत नाही. काकांच्या टॉकीजमध्ये पडद्यामागे एकच भोंगा असेल तर त्यांनी मोनोच ऐकलंय. चांगल्या फॅन प्रतींत हे ट्रॅक वेगवेगळे दिलेले असतात, रिमोटवरून बदलता येतात.

आणि कोणी पाल (आपल्याकडची आणि युरोपातली टीव्ही पद्धत) पद्धतीच्या टेपवरून किंवा डीव्हीडीवरून उतरवलेली प्रत देऊ केली तर आवाज आधी ऐका. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम, पाल २५. सरळ तशीच चालवली की १२१ मिनिटांचा पिक्चर ११६ मिनिटांत संपतो आणि आवाज चढतो. काळी एकचा गवई जवळजवळ पांढरी दोनला गायला लागतो. आमच्या घरी व्हीएचएसवर कित्येक वर्षं असंच ऐकलं. मग थिएटरात खलनायकाचा खरा खर्ज ऐकला तर मला वाटलं मशीन हळू चाललंय.

पलासियाकर:
एकच भोंगा, हो. काका म्हणतात पावसाळ्यात तोही खरखरायचा. मोनो ठरलं.

सराफा_रात्री_बारा:
बरं लिंक नको. पण अजून जुने साय-फाय कुठले, ज्यात ही भानगडच नाही?

तिलकनगर_ताई:
'सोलारिस' (१९७२) आणि 'स्टॉकर' (१९७९). मॉसफिल्म स्टुडिओने स्वतःच यूट्यूबवर ठेवलेत, फुकट, इंग्रजी सबटायटल्ससकट. फॅन प्रती शोधायची गरजच नाही. 'स्टॉकर' जवळजवळ चौकोनी आहे, तो ताणून टीव्हीभर करू नका, पाप लागेल. 'ब्लेड रनर'चंही २००७ च्या पाच डिस्कच्या संचात वर्कप्रिंटपासून (कच्ची प्रत) फायनल कटपर्यंत सगळं आहे. ज्याने हक्क ठेवलेत त्याने असं सगळं देऊन टाकलं की चाहते गप्प बसतात.

अनुस्वार:
'मेट्रोपोलिस' (१९२७) राहिला. २००८ मध्ये ब्यूनस आयर्सच्या संग्रहालयात १६ मिमीची लांब प्रत सापडली, त्यावरून २०१० ची आवृत्ती झाली, २५ मिनिटं परत मिळाली. ते तुकडे लगेच ओळखू येतात, ओरखड्यांचा मुसळधार पाऊस आहे. मला ते आवडतं. कुठे काय हरवलं होतं ते दिसतं. १९८४ ची रंग चढवलेली, रॉक गाण्यांची आवृत्ती मजेपुरती बघा.

जुनीरीळ:
पलासियाकर, चार बारीकसारीक गोष्टी. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यात जाणारच नाही, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. मोठी फाइल प्रोजेक्टरच्या यूएसबीतून अडखळते, लॅपटॉपवरून एचडीएमआयने द्या. प्रोजेक्टरमधलं मोशन स्मूदिंग बंद, नाहीतर सगळं दूरदर्शनच्या मालिकेसारखं दिसतं. आणि 'व्हिविड' नको, 'सिनेमा' मोड. पहिली दोन मिनिटं पिवळट वाटेल, मग डोळा बसतो.

काकांना एक विचारा: मशीनचा दिवा कार्बनच्या कांड्यांचा होता की झेनॉनचा बल्ब?

पलासियाकर:
कार्बन! "दोन कांड्या, जळत जातील तशा जवळ आणायच्या, गप्पांत लक्ष गेलं की पडदा काळवंडायचा आणि खालून शिट्ट्या." हे सांगताना हात अजून तसाच फिरतो.

(तीन आठवड्यांनी)

पलासियाकर:
झालं एकदाचं. ताईंच्या सांगण्यावरून दोन्ही लावून पाहिल्या, बिनडीएनआरची घेतली. ताई, रागावू नका. वाळवंटात ग्रेन खरंच वळवळतो, पण यानाच्या आत काळा असा काही काळा दिसतो की बस. ट्रॅक मोनो.

दिवे घालवले, सुरू झालं, आणि काकांचा पहिला प्रश्न: "सेन्सॉरचं सर्टिफिकेट कुठाय?" म्हटलं, ही परदेशी प्रिंट आहे. "मग आमची नव्हे," म्हणाले, पण बसले. गावात शिरताना जनावर आलं नाही तेव्हा माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. दर वीसेक मिनिटांनी उजव्या वरच्या कोपऱ्याकडे नजर जायची, रीळ संपत आल्याचा टिपका दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं ना, ती सवय. रंगाबद्दल एकच बोलले: "ताजी प्रिंट अशी असते हे विसरलो होतो. आम्हाला पहिल्या आठवड्यात मिळायची नाही कधी."

यान त्या महाकाय गोळ्याच्या आत ओढलं गेलं तसा त्यांनी हात वर केला. "थांबव. इथे मध्यंतर."

बडोदेकर:
आहा! बरोबर मधोमध. किती मिनिटांचं?

पलासियाकर:
१२. कचोरी गरम करायला आठ, आणि उरलेल्या चारात मला समजावलं की घंटा दोनदा का द्यायची.