ग्रेगोरियन मिस्सा तीसच का? आणि हे पोप ग्रेगरी नक्की कोण?

पापडीची_लेक
नमस्कार मंडळी. माझी आई पावसाळ्यात वारली. मावशी म्हणते तिच्यासाठी ग्रेगोरियन मिस्सा (मिस्सा म्हणजे चर्चमधला मुख्य प्रार्थनाविधी) लाव, सलग तीस दिवस. भाऊ म्हणतो हे सगळं जुनं झालं, एकच मिस्सा मनापासून ठेवली तरी पुरे. मला दोघांशी वाद नाही घालायचा, पण तीसच का ते कोणी नीट सांगेल का? आणि हे ग्रेगरी म्हणजे कॅलेंडरवालेच का?

गिरीजकर
ताई, आईंच्या आत्म्याला शांती लाभो. कॅलेंडरवाले ते तेरावे ग्रेगरी, १५८२ चे. हे पहिले, संत ग्रेगरी, ५९० ते ६०४ पोप होते. तीस दिवसांची गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून ठेवलीय. रोममधल्या आपल्या वडिलोपार्जित घराचा त्यांनी मठ केला होता, तिथे युस्तुस नावाचा एक मठवासी होता, औषधपाणी जाणणारा, ग्रेगरी आजारी असले की त्यांची सेवा तोच करायचा. तो मरणाला टेकला तेव्हा त्याच्या औषधांत लपवलेली तीन सोन्याची नाणी सापडली. मठात कोणाचं स्वतःचं असं काही नसतं, त्यामुळे ग्रेगरी फार कडक वागले, शेवटच्या घडीला कोणी त्याच्याजवळ जायचं नाही म्हणाले आणि मेल्यावर त्याला उकिरड्यात पुरून ती नाणी वर टाकायला लावली. पण महिना झाला आणि त्यांनाच त्याची दया आली, मग सांगितलं की आजपासून तीस दिवस एकही न चुकवता याच्यासाठी मिस्सा करा. पुढे दिवस कोणी मोजत बसलं नव्हतं. एका रात्री युस्तुस आपल्या भावाला दिसला, म्हणाला आजवर वाईट अवस्थेत होतो, आता बरा आहे. मठात येऊन हिशेब केला तर तोच तिसावा दिवस. मला यात आकड्यापेक्षा ती दया जास्त महत्त्वाची वाटते, शिक्षा करणाऱ्यानेच ती केली.

देवगडचो_झील
मी ख्रिश्चन नाही पण इतिहासाची आवड आहे म्हणून लिहितो. या माणसाचा काळ बघा. ५८९ ला टायबर नदीला पूर, त्यात धान्याची कोठारं गेली, पाठोपाठ प्लेग, त्यात आधीचे पोप गेले, बाहेर इटलीत घुसलेल्या लोम्बार्ड टोळ्यांचं सैन्य, आणि सम्राट बसलाय कॉन्स्टँटिनोपलला. ग्रेगरी आधी रोम शहराचे मुख्य प्रशासक राहिलेले, ते सोडून संन्यासी झाले होते, पोपपद टाळायचा त्यांनी प्रयत्नही केला. पण एकदा बसल्यावर सिसिलीतल्या चर्चच्या जमिनींचं धान्य रोमच्या गरिबांना वाटणं, त्यांच्या याद्या ठेवणं, कारभाऱ्यांना कुळांची लूट करू नका म्हणून पत्रं लिहिणं, सगळं चालू. त्यांची साडेआठशेच्या आसपास पत्रं आजही आहेत, आणि तब्येत म्हणाल तर पोटाचं दुखणं नि गाउटने (सांधेदुखीने) अंथरुणाला खिळलेली. सिसिलीच्या पालेर्मोत ज्यूंची प्रार्थनास्थळं हिसकावली तर तिथल्या बिशपविरुद्ध त्यांनी ज्यूंची बाजू घेतली, ५९८ साली! खरा मोठेपणा मला इथे दिसतो.

नंदाखाल_वाडी
देवगडकर, छान लिहिलंत, त्यात एक भर. ५९७ ला त्यांनी धर्मप्रचाराला पाठवलेले ऑगस्टिन हे मठवासी इंग्लंडात पोचले. ६०१ मध्ये ग्रेगरींनी आधी तिथल्या राजाला लिहिलं की देवळं पाडा, पण मग विचार करून तिकडे निघालेल्या मेलितुस या मठाधिपतीला कळवलं की पाडू नका, मूर्ती तेवढ्या काढा, पवित्र पाणी शिंपडा, आणि लोकांच्या मेजवान्या बंद न करता संतांच्या सणाला जोडून द्या. मूर्ती काढायचा भाग आज पटणार नाही, मलाही नाही पटत, पण लोकांचे सण राहू द्या हे त्या काळी म्हणणं सोपं नव्हतं. आमच्या वसईच्या ख्रिस्ती लोकांत लग्नात हळद लागते, उंबराचं पाणी आणतात, थोरल्या बाया लाल लुगडं नेसतात, हे सगळं चर्चच्या बरोबरीने टिकलं याचा मला फार आनंद आहे.

ताई, तुमच्या कामाचं: ही मिस्सा एकाच मृत व्यक्तीसाठी असते, तीसही दिवस एकाच फादरनी करायला हवी असं नाही. मध्ये कोणी आजारी पडलं किंवा अचानक अंत्यविधी आला नि खंड पडला तरी वाया जात नाही, राहिलेल्या लवकर पूर्ण करायच्या. पॅरिशमध्ये (आपल्या भागातल्या चर्चमध्ये) रोज दुसऱ्यांच्या मिस्सा लागलेल्या असतात, म्हणून बरेचदा ती मठातल्या फादरांकडे पाठवतात. आणि भावाचंही चूक नाही, एक मिस्सा म्हणजे कमी प्रेम असं चर्च कुठेच म्हणत नाही.

पापडीची_लेक
खूप आभार सगळ्यांचे. युस्तुसची गोष्ट मावशीला वाचून दाखवली, तिलाही माहीत नव्हती. भाऊ म्हणाला खर्च अर्धा अर्धा करू.

सांडोर_००७
सगळं चांगलंच म्हणायचं असेल तर म्हणा, पण ५९१ च्या प्रवचनात या ग्रेगरींनीच येशूची शिष्या मरिया माग्दालेना, बेथानी गावची मरिया आणि बायबलमधली ती पापी बाई या तिघींना एकच ठरवलं, आणि चौदाशे वर्षं त्या बिचारीला वेश्या म्हणून रंगवलं गेलं. शुभवर्तमानात तसं कुठेच नाही. १९६९ च्या चर्चच्या सणांच्या सुधारित कॅलेंडरमध्ये ती सरमिसळ निघाली, आणि २०१६ ला पोप फ्रान्सिसनी २२ जुलैचा माग्दालेनाचा दिवस प्रेषितांच्या (येशूच्या मुख्य शिष्यांच्या) सणांच्या बरोबरीचा केला. आपल्याकडे प्रवचनात अजून जुनंच ऐकू येतं, तेव्हा फादरांना जरूर सांगा.