चिऱ्याच्या संरक्षक भिंतीला पोट आलंय, पाडावी लागेल की दुरुस्त होईल?

मागीलदार:
नमस्कार मंडळी. आमचं गावचं घर संगमेश्वर तालुक्यात, उतारावर आहे. घरामागे चुलत सासऱ्यांची जागा, ती आमच्यापेक्षा अकरा फूट उंच, आणि मधे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, सिमेंटात बांधलेली भिंत. पूर्वी तिथे नुसता उतार आणि गडगा (सुटे दगड रचलेला बांध) होता, मग त्यांना वर गाडी लावायला सपाट जागा हवी होती म्हणून गडगा काढला, सरळ भिंत उभी केली आणि मागे तांबडी माती भरून घेतली. पाच-सहा पावसाळे काही झालं नाही. यंदा जुलैत धो धो पडला त्यानंतर भिंतीला मधोमध पोट आलंय, लांबून बघितलं तरी कळतं, आणि खालून तिसऱ्या-चौथ्या थरात आडवी भेग गेलीय, नख आत जाईल एवढी. भिंतीत चार पाइप ठेवलेत पाणी जायला, पण एवढा पाऊस चालू असताना त्यातून एक थेंब येत नाही, आणि डाव्या कोपऱ्यात मात्र सांध्यांतून पाणी पाझरतंय. ठेकेदार म्हणतो बाहेरून जाळी मारून प्लास्टर करू आणि डोक्यावर काँक्रीटचा पट्टा ओतू, मग भिंत हलायची नाही. भिंत आणि आमची मागची पडवी यात जेमतेम सहा फूट अंतर आहे. गणपती तीन आठवड्यांवर आलेत, घर भरतं, मुलं सगळी त्याच पडवीत झोपतात. भिंत पाडावी लागेल की दुरुस्त होईल? आणि आत्ता लगेच काय करू?

पाऊसपाणी:
ताई घाबरू नका, आमच्याकडे पण भेगा पडलेल्या, सिमेंटचं ग्राउट (पातळ घोळ) भेगांत मारलं आणि वरून प्लास्टर केलं, तीन वर्षं झाली काही नाही. ठेकेदार बरोबर सांगतोय. फक्त प्लास्टरमध्ये वॉटरप्रूफिंगचं केमिकल टाकायला सांगा म्हणजे पाझर बंद होईल.

ओळंबा:
पाझर बंद करायचा नाहीये हो, उलट वाढवायचाय! ताई, प्लास्टर अजिबात करू नका, आणि ग्राउट तर नकोच, ग्राउट मागच्या मातीत शिरून उरलीसुरली पाण्याची वाट पण बंद करतं. मी पुण्यात स्ट्रक्चरलची कामं करतो, दर पावसाळ्यात असल्या भिंती बघायला जावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी गोष्ट एकच असते. भिंतीला ढकलतं ते नुसती माती नाही, मातीत अडकलेलं पाणी.

साधा हिशोब सांगतो. दहा फूट उंच भिंत, मागे बऱ्यापैकी निचऱ्याचा मुरूम, कोरडा. तो भिंतीच्या दर मीटर लांबीला साधारण पावणेतीन टनाने ढकलतो. आता त्याच मुरुमात वरपर्यंत पाणी भरलं आणि बाहेर पडायला जागा नसली तर तोच जोर सहा टनांवर जातो, म्हणजे भिंत तीच, माती तीच, आणि भार दुपटीच्या वर. मुरुमाऐवजी चिकट माती असेल तर कोरड्यात पण जोर जास्त आणि पाणी तर ती सोडतच नाही. शिवाय हा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो आणि भिंत उलथवायची ताकद घनाने वाढते, त्यामुळे सहा फुटी भिंत ज्या पद्धतीने टिकली त्याच पद्धतीने बारा फुटी बांधली तर उलथवणारा जोर आठपट होतो. गवंडी लोक इथेच फसतात, सहा फुटीचा अनुभव असतो आणि बारा फुटीचं काम घेतात.

भर पावसात पाइप कोरडे आणि सांधे ओले, हे तुम्ही लिहिलंत ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. पाइपच्या मागे खडीचा थर दिलेला नसणार, माती थेट तोंडाला लावलीय, ती पहिल्या एकदोन पावसातच आत बसली आणि पाइप चोंदले. आता सांगा, भिंतीची जाडी किती? खाली रुंद आणि वर निमुळती आहे का एकसारखी? आणि वर मातीवर काय काय आहे?

चिरेखाण:
आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम, म्हणून सांगतो. जुना गडगा उगाच काढतात लोक. गडगा बिनमातीचा, बिनसिमेंटचा, दगडावर दगड, मागच्या बाजूला कललेला, खाली दोन-अडीच हात रुंद नि वर हातभर, आणि दगडांच्या मागे चिपऱ्या भरलेल्या असायच्या. सगळा गडगाच पाणी सोडतो, त्याला पाइप लागत नाही. थोडा फुगला तर तेवढाच भाग उतरवून परत रचायचा, एका दिवसाचं काम. आता लोकांना तो गावठी वाटतो, वरून सिमेंट फासतात "मजबुतीला" आणि पुढच्याच मिरगात बसतो खाली. मी डोळ्यांनी बघितलेत असे बसलेले, सिमेंटची खपली एकसंध आणि मागे दगड सगळे सुटे. तरी ताईंच्या जागेत अकरा फूट उंचीला सरळ गडगा चालणार नाही हे पण खरं, तेवढ्याला दोन टप्पे करावे लागतात, मधे चार-पाच फुटांची पायरी सोडून.

मागीलदार:
ओळंबा, आज ह्यांनी मोजून घेतलं. जाडी दीड फूट, खालपासून वरपर्यंत एकसारखी. पाया किती खोल ते कोणालाच सांगता येत नाही. वर भिंतीला लागूनच गाडी उभी असते आणि बाजूला हजार लिटरची पाण्याची टाकी. त्यांच्या पत्र्याच्या पागोळ्या सगळ्या भिंतीच्या मागेच पडतात, पन्हळ नाही. आणि आज वर जाऊन बघितलं तर जमिनीत भिंतीपासून तीन-चार फुटांवर भिंतीला समांतर एक लांब भेग दिसतेय.

ओळंबा:
ताई, मग स्पष्टच सांगतो. ती वरची समांतर भेग म्हणजे मागची माती भिंतीबरोबर पुढे सरकायला लागलीय. आजपासून मागच्या पडवीत कोणी झोपायचं नाही, गणपतीत तर नाहीच, स्वयंपाक नाही, पोरांचं खेळणं नाही. भिंतीसमोरची जागा उंचीच्या दीडपट तरी मोकळी असावी लागते, तुमची पडवी सहा फुटांवर म्हणजे ती आणि तिच्या लगतची खोली दोन्ही त्यात येतात. कोंढव्यात २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर सोसायटीची भिंत कोसळली ती खालच्या मजुरांच्या खोल्यांवर, १५ माणसं गेली, आणि तीनच दिवसांनी मालाडला पिंपरीपाड्यात तेच. दोन्हीकडे माणसं झोपेत होती. रात्रीचा मोठा पाऊस आणि भिंतीच्या पायथ्याला झोपलेली माणसं, याच्यापेक्षा वाईट जुळणी नाही, म्हणून एवढ्या कळकळीने लिहितोय.

आता आज-उद्यात करायचं काय ते. वरची गाडी हलवा, टाकी रिकामी करा आणि मागे न्या. पागोळ्यांना पन्हळ लावून ते पाणी पाइपने लांब बाजूला, पऱ्याकडे (ओहोळाकडे) सोडा. वरच्या भेगेत पाणी जाऊ नये म्हणून तिच्यावर ताडपत्री टाका, भिंतीच्या डोक्यावरून खाली यायला हवी, कडा दगडांनी दाबा, आणि ती टाकणाऱ्याने कडेला उभं राहू नये. वर चर खणून पाणी काढायचा सल्ला कोणीतरी देईलच, कच्चा चर भिंतीजवळ खणू नका, त्यातूनच पाणी मागे मुरतं. पाइपात सळी घालून मोकळे करायचा मोह होईल, पोट आलेल्या भागासमोर कोणी उभं राहायचं नाही, ब्रेकर तर लावायचाच नाही, हादऱ्याने जायची. पायथ्याला गटार खणणं पण बंद, तिथली माती भिंतीला पुढून धरून ठेवते.

लक्ष कसं ठेवायचं: भिंत जिथे सरळ आहे अशा टोकाला, बाजूला उभं राहून भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्हीकडे सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली की भिंत हललीय. पाझरणारं पाणी स्वच्छ आहे तोवर ठीक, गढूळ तांबडं यायला लागलं तर मागची माती वाहून जातेय, घर सोडून तहसीलदार ऑफिसला कळवा.

आणि मूळ प्रश्न. दीड फूट एकसारखी जाडी म्हणजे ही संरक्षक भिंत नाहीच, ही कंपाउंड वॉल आहे जिच्या मागे कोणीतरी डोंगर ओतलाय. नुसत्या वजनावर माती अडवणाऱ्या दगडी भिंतीला पायाशी उंचीच्या निम्मी तरी रुंदी लागते, अकरा फुटाला साडेपाच-सहा फूट. त्यामुळे दुरुस्तीत पैसे घालू नका. आत्ता पाणी वळवून आणि भार काढून पावसाळा निभवायचा, दिवाळीनंतर माती सुकली की पाडून नवीन.

घाटवाट:
+१. एक पर्याय मनात ठेवा, गॅबियन. घाटरस्त्यांवर जाळीच्या पेट्यांत दगड भरून भिंती करतात ना, तेच. पाणी आरपार जातं, थोडी जमीन खचली तरी भिंत वाकते पण तडकत नाही, आणि काळा दगड जवळ मिळत असेल तर आरसीसीपेक्षा खर्च कमी पडू शकतो. मागे जिओटेक्स्टाइल कापड मात्र लागतंच, नाहीतर माती दगडांत शिरते. अडचण एकच, जाडी जास्त जाते आणि तुमच्याकडे सहाच फूट आहे, म्हणजे ती वरच्या जागेतून काढावी लागेल.

पाऊसपाणी:
मग ज्यांची भिंत जाडीला व्यवस्थित आहे पण पाणी तुंबलंय त्यांनी काय करायचं? आमची खाली साडेतीन फूट आहे, उंची सहा.

ओळंबा:
तुमची वाचवता येईल, पोट नसेल तर. कोरड्या दिवसांत कोअर कटरने तीन-चार इंची भोकं पाडून घ्या, उभं-आडवं दीड मीटरवर, एक ओळ सोडून दुसरीत मधल्या जागी, बाहेरच्या बाजूला किंचित उतार. सगळ्यात खालची ओळ जमिनीच्या जेमतेम वर. आत भोकाभोकाचा पाइप कापड गुंडाळून घाला म्हणजे माती येणार नाही. आणि प्लास्टर केलंय ते भोकं पाडताना कसं निघतं बघा, मागे ओल असेल तर पापुद्रे सुटतील, तिथे काढूनच टाका. दर वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा सळी फिरवायची, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाइप वाहतायत का ते स्वतः बघायचं.

चिरेखाण:
नवीन बांधताना ताई, सगळी भिंत एकदम पाडू देऊ नका. दोन-दोन मीटरचे भाग करून एक सोडून एक घ्यायचे, आधी वरची माती उतरती कापून घ्यायची मग भिंत. आणि भरताना तांबडी माती परत घालायची नाही, कितीही जवळ पडलेली असली तरी. भिंतीलगत फूटभर खडी, त्याच्या मागे मुरूम, वीतभर थर टाकून पाणी मारून धुम्मसने ठोकून दाबायचा. ट्रॅक्टरने एकदम ओतलेली माती पुढची दोन वर्षं बसतच राहते.

मागीलदार:
खूप आभार. पडवी आजच रिकामी केली, सामान पुढच्या ओटीवर. पन्हळाचं बोलायला गेलो तर चुलत सासरे म्हणाले की भिंत तुमच्या घराच्या रक्षणाला आहे, तर खर्च तुम्ही करा. कायद्याने कोणाची जबाबदारी?

सातबारा:
वकील आहे, थोडक्यात सांगते. इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्ट, १८८२ च्या कलम ७ मध्ये शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळायचा हक्क आहे, पण तो नैसर्गिक स्थितीतल्या जमिनीपुरता, म्हणजे खोदकाम झालेलं नाही आणि वरून कृत्रिम भार टाकलेला नाही अशा. तुमच्याकडे उलट आहे, त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी भर घातली, वर गाडी आणि टाकी ठेवली, त्यामुळे या हक्कावर बोट ठेवून खर्च तुमच्यावर ढकलणं त्यांना अवघड आहे. तुमच्या बाजूने कधी पायथा खणला होता का हे मात्र आठवून बघा, ते विचारलं जाईल. आत्ता भांडण न वाढवता फोटो तारखेसकट काढा, काचेचे आणि वरच्या भेगेचे पण, आणि ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊन पोच घ्या, त्याची प्रत सासऱ्यांना. नात्यातला मामला आहे तर इंजिनिअरला दोघांसमोर बोलवा, त्याने दोघांना एकदमच सांगितलेलं बरं. पन्हळाचा खर्च किरकोळ आहे, तो आज तुम्हीच करून टाका, हिशोब नंतर.

मागीलदार:
पायथा आम्ही कधीच खणला नाही. पन्हळाचे पाइप ह्यांनी देवरुखहून आणले, उद्या सकाळी उघडीप मिळाली की लावतो. टाकी रिकामी करायला ते तयार झालेत, गाडी त्यांनी संध्याकाळीच हलवली. एकच राहिलं, त्यांच्या न्हाणीचं पाणी भिंतीपासून दहा फुटांवरच्या शोषखड्ड्यात जातं, ते पण बंद करायला हवं का?

ओळंबा:
हो, तेच आधी. पाऊस थांबला तरी ते पाणी रोज मुरतंय. न्हाणीचा पाइप तात्पुरता त्याच पन्हळाच्या लाइनला जोडून लांब सोडा, आणि नवीन शोषखड्डा घराच्या पलीकडच्या अंगाला घ्यायला सांगा. जोडताना पाइपला उतार नीट द्या, सांधा भिंतीच्या मागे येऊ देऊ नका.