मदत हवी आहे : घरी काडतुसे भरण्यासाठी टेबल आणि यंत्र कसे बसवावे?

सुपारीबाग :
नमस्कार. गुहागर तालुक्यातील आमच्या घराच्या मागील पडवीत काडतुसे पुन्हा भरण्यासाठी एक कायमचे टेबल बसवायचे आहे. भाचा अमेरिकेत असतो. गणपतीला येताना तो आपल्याकडील हाताने चालवायचा प्रेस आणि एक बारीक काटा घेऊन येणार आहे. सुतार सोमवारी मापे घ्यायला येतो आहे, म्हणून तीनच गोष्टी विचारतो : तक्ता किती जाडीचा असावा, उंची किती ठेवावी आणि टेबल भिंतीला जखडावे की मोकळे ठेवावे? पडवीत पावसाळ्यात ओल येते. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनीच आणि कृपया लवकर लिहावे.

कोलंबस-चिपळूण :
मी ओहायो राज्यात सोळा वर्षे राहिलो आणि त्यातील अकरा वर्षे स्वतःच्या रायफलीची काडतुसे घरी भरली, म्हणून लिहितो. प्रेसचा दांडा खाली ओढताना सगळा जोर टेबलाच्या पुढच्या कडेवर येतो आणि मागची बाजू उचलू पाहते. त्यामुळे मोकळे टेबल चालत नाही, ते भिंतीला जखडावेच लागते. तक्ता निदान चाळीस मिलिमीटरचा असावा. उभ्याने काम करणार असाल तर उंची कोपराच्या किंचित खाली ठेवावी.

नवशिक्याने एका वेळी एकच क्रिया करणारा साधा प्रेस घ्यावा. फिरत्या तबकडीचा किंवा एका ओढीत चार कामे करणारा प्रेस सुरुवातीला घेऊ नये, कारण त्यात एखाद्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्यात, दारू दोनदा पडली किंवा पडलीच नाही, तर ते लक्षात येत नाही. टेबलावर एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा असावा आणि तो मूळ डबाच असावा. प्रमाण नेहमी छापील भरणीपुस्तिकेतून घ्यावे, कोणाच्या तोंडून घेऊ नये. आपली रायफल कोणत्या कॅलिबरची आहे ते कळवावे, म्हणजे साच्यांविषयी सांगता येईल.

ऐन-किंजळ :
तक्त्याच्या जाडीबाबत वरील मत मान्य आहे, परंतु लाकूड कोणते ते कोणीच सांगितले नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा हवेत न मुरलेला फणसाचा तक्ता नक्की वाकतो आणि यंत्राचे बोल्ट सैल होतात. जुन्या घराचे सागवान किंवा ऐनाचे वासे मिळाले तर त्यांतूनच तक्ता काढावा. जांभ्याच्या भिंतीत साधा खिळा किंवा प्लास्टिकचा गट्टू धरत नाही, दगड भुसभुशीत असतो. भिंतीच्या आरपार लोखंडी सळई घेऊन बाहेरून पट्टी लावावी.

कोलंबस-चिपळूण :
सागवानासाठी खर्च करण्याची आवश्यकता नाही. मरीन प्लायवुडचे दोन थर एकमेकांवर चिकटवले तर ते वाकत नाहीत. माझे टेबल तसेच होते.

ऐन-किंजळ :
आपले टेबल ओहायोतील बंद आणि उबदार तळघरात होते. उघड्या पडवीत खारा वारा आणि पागोळ्यांचे शिंतोडे यांच्यापुढे प्लायवुडच्या कडा तीन पावसाळ्यांत सुटतात, हे मी माझ्याच घरी पाहिले आहे. शिवाय पडवीच्या वाऱ्याने बारीक काटा स्थिर राहणार नाही. ग्रेनच्या मापात, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅमच्या घरात वजन करायचे असेल तर पंखासुद्धा बंद करावा लागतो.

खाडीपलीकडे :
लाकडाची चर्चा थोडी थांबवून मूळ प्रश्न विचारतो. बंदूक कोणती आहे, परवाना कोणत्या कारणासाठी दिलेला आहे आणि पुंगळ्या पितळी, कागदी की प्लास्टिकच्या आहेत? धागाकर्त्यांनी यांपैकी काहीच लिहिलेले नाही आणि उत्तर पूर्णपणे यावरच अवलंबून आहे.

सुपारीबाग :
हे सांगण्याची आवश्यकता मला वाटली नव्हती, कारण आमच्या भागात बहुतेक घरी तेच असते. बारा बोअरची दुनळी आहे, आजोबांच्या वेळची. वडिलांनंतर ती शेतीसंरक्षण परवान्यावर माझ्या नावे झाली. पेटीत सतरा जुनी कागदी काडतुसे होती. त्यांतील निम्मी ओलीने फुगली आहेत आणि नळीत शिरत नाहीत, तर बाकीच्यांची पितळी बुडे कळकली आहेत. नवी काडतुसे आणायची तर दुकानासाठी पूर्ण दिवस मोडतो आणि छऱ्यांचा हवा तो नंबर मिळेलच असे नसते. रानडुकरे एका रात्रीत वरीचे शेत लोळवतात, वानरे कोवळे नारळ पाडतात. म्हणून रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवल्या आहेत. भाच्याचा प्रेस त्याच्या हरणाच्या शिकारीच्या रायफलीसाठीचा आहे, तो चालेल असे मी धरून चाललो आहे. आता तरी मापे सांगावीत.

कोलंबस-चिपळूण :
तो चालणार नाही. हे आधी समजले असते तर माझा पहिला प्रतिसाद मी लिहिलाच नसता. रायफलीची पितळी पुंगळी पोलादी साच्यात दाबून पूर्वीच्या मापावर आणतात आणि तिच्या तोंडात गोळी बसवतात. बारा बोअरच्या काडतुसात दारूवर डट्टा, त्यावर छर्रे आणि शेवटी पुंगळीच्या तोंडाची घडी असते. त्याचे यंत्रच निराळे असते. कागदी पुंगळी एकदा उडाल्यावर तिचे तोंड जळून ठिसूळ होते, त्यामुळे ती पुन्हा वापरण्यात अर्थ नाही. भाच्याने वजन वाहून आणू नये.

दंडाधिकारी-शाखा-निवृत्त :
ते यंत्र आणूच नये, याचे अधिक महत्त्वाचे कारण सांगतो. मी शस्त्रपरवान्यांच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत.

शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम २ मध्ये दारूगोळ्याची व्याख्या आहे. तीत तयार काडतुसाबरोबरच बंदुकीसाठीचा दारूचा बार, दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे आपण ज्याला लोखंडी प्रेस म्हणता, त्याच्याकडे कायदा दारूगोळा म्हणूनच पाहू शकतो. परदेशातून असा माल आणण्यासाठी कलम १० खाली परवाना लागतो. भाचा विमानतळावर सामान उघडून दाखवील तेव्हा त्याला हे समजावून सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आपला परवाना बंदूक आणि ठरावीक संख्येची काडतुसे बाळगण्याचा आहे. दारूगोळ्याच्या निर्मितीसाठी कलम ५ खाली स्वतंत्र परवाना लागतो. रिकाम्या पुंगळीत केप (आघाताने ठिणगी देणारी टोपी), दारू आणि छर्रे भरून काडतूस तयार करणे ही निर्मितीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ च्या भंगास किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरणाऱ्याला केंद्राचा परवाना लागत नाही, विक्रीच्या व्यवसायासाठी लागतो. भाच्याचा अनुभव तिथला आहे आणि तो तिथेच लागू पडतो. माझ्या मतावर विसंबायचे नसेल तर जिल्हादंडाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे. ते हाती येईपर्यंत सुताराला बोलावू नये.

मांगर :
हे मला पटत नाही. कुडाळकडच्या आमच्या वाडीत ठासणीच्या बंदुका परवान्यावर आहेत. आम्ही दारू मोजतो, चिंधी ठासतो, छर्रे घालतो आणि केप लावतो. हे सर्व पिढ्यान् पिढ्या चालू आहे आणि त्याला कोणी निर्मिती म्हटलेले नाही. मग पुंगळीत तेच भरले तर गुन्हा कसा होतो?

दंडाधिकारी-शाखा-निवृत्त :
ठासणीची बंदूक वापरायची तर दारू नळीत घालावीच लागते आणि तिच्या परवान्यावर त्यासाठी दारू व केपा यांचे प्रमाण लिहिलेले असते. दुनळीच्या परवान्यावर काडतुसांची संख्या असते. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत.

खाडीपलीकडे :
कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी ही तुलना जिवावर बेतणारी आहे. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू असते आणि तिचे माप हाताच्या सवयीने घेतले जाते. आजच्या काडतुसात धूरविरहित दारू असते, जी तेवढ्याच मापात कितीतरी अधिक दाब निर्माण करते. माझ्या लहानपणी शेजारच्या वाडीत एकाने सवयीच्या चमच्याने ही दुसरी दारू भरली होती. नळी चापाजवळ फाटली आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. तो माणूस निष्काळजी नव्हता. चाळीस वर्षे बंदूक वापरलेला होता आणि त्या सवयीनेच त्याचा घात झाला.

धागाकर्त्यांना आणखी एक विचारायचे आहे. आजोबांच्या दुनळीच्या घराची, म्हणजे काडतूस बसते त्या खोबणीची लांबी किती आहे? जुन्या बंदुकांत ती बऱ्याचदा ६५ मिलिमीटर असते आणि आजची बरीच काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. ही लांबी पुंगळी उडून उघडल्यानंतरची असते. त्यामुळे घडी घातलेले लांब काडतूस आखूड घरात विनासायास बसते, फसवते आणि उडताना त्याचे तोंड पुरते उघडू शकत नसल्याने दाब वाढतो. नळ्या उतरवल्यावर त्यांच्या तळाच्या सपाट भागावर चाचणीचे शिक्के असतात आणि बहुधा तिथेच घराची लांबीही कोरलेली असते. नळ्यांवर पिळाची नक्षी दिसत असेल, तर त्या दमास्कस पद्धतीच्या आहेत असे समजून नवे काडतूस त्यांत घालूच नये.

कलमबाग-देवगड :
विचारले नाही तरी सांगतो. डुकरांसाठी सौर कुंपण करावे. आमच्या दोन एकरांत गेल्या वर्षी केले आणि डुकरे फिरकली नाहीत. तारेखालचे गवत मात्र सतत काढावे लागते, नाहीतर पावसाळ्यात वीज जमिनीत उतरते.

दंडाधिकारी-शाखा-निवृत्त :
या निमित्ताने एक जोड देतो. शेतीसंरक्षण परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या अनुसूचीत आहे आणि पिकाच्या नुकसानीसाठी त्याला मारायचे असेल तर कलम ११ खाली वन विभागाची परवानगी लागते.

सुपारीबाग :
सर्वांचे उत्तर वाचले. पहिल्यांदा राग आला, कारण मी मापे विचारली होती आणि मिळाली कलमे. परंतु काल रात्री नळ्या उतरवून कंदिलाशेजारी पाहिल्या. खालच्या बाजूला शिक्के आहेत आणि त्यांजवळ इंचात अडीच असे कोरलेले आहे. म्हणजे घर ६५ मिलिमीटरचे धरायचे ना? गेल्या दिवाळीत मी दुकानातून आणलेली पाच काडतुसे याच नळ्यांतून उडवली. त्यांच्या खोक्यावर ७० लिहिलेले आहे. हे वाचून माझे हात गार पडले.

भाच्याला यंत्र न आणण्याचा निरोप दिला आहे. सुताराला मात्र येऊ दिले, आईला निवडण-टिपण करायला ओटा हवाच होता. आता त्या सतरा जुन्या काडतुसांचे काय करावे? वडील असते तर त्यांनी विहिरीत टाकली असती.

खाडीपलीकडे :
होय, अडीच इंच म्हणजे ६५ चेच घर. बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून तपासून घेईपर्यंत तिच्यातून बार काढू नये, कारण त्या पाच बारांनी नळीला इजा झाली नसेलच असे डोळ्यांनी सांगता येत नाही. जुनी काडतुसे विहिरीत टाकू नयेत, फोडू नयेत आणि जाळू तर मुळीच नयेत. परवाना आणि काडतुसे घेऊन ज्या दुकानातून खरेदी करता तिथे किंवा पोलीस ठाण्यात जावे, ती जमा केल्याची पोच घ्यावी आणि परवान्याच्या नोंदीत संख्या कमी करून घ्यावी.

दंडाधिकारी-शाखा-निवृत्त :
पोच अवश्य घ्यावी. निवडणुकीच्या वेळी बंदूक जमा करताना मिळते तशीच ही पोचही परवान्याला टाचून ठेवावी, कारण नूतनीकरणाच्या वेळी काडतुसांचा हिशेब विचारतात. रिकाम्या पुंगळ्याही त्याच वेळी देऊन टाकाव्यात. त्या घरात साठवण्याचे आता काही कारण उरलेले नाही.

ऐन-किंजळ :
नवी काडतुसे ६५ ची मिळाली, तर ती चुलीवरच्या माळ्यावर ठेवू नयेत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून, कुलुपात आणि माजघराच्या कोरड्या बाजूला ठेवावीत. पुड्या दर पावसाळ्याच्या आधी बदलाव्यात. ओट्यासाठी फणसाचा तक्ता चालेल, फक्त तो निदान एक उन्हाळा मुरलेला असावा.