कोलोरॅडोत भाच्यावर केस: ‘डिफर्ड जजमेंट’ घ्यावं का? मदत हवी आहे

भाचा डेन्व्हरजवळ एमएस करतोय, एफ-१ व्हिसावर. मागच्या महिन्यात दुकानात सेल्फ-चेकआउटला ३४० डॉलरचं जॅकेट स्कॅन न करताच पिशवीत गेलं. (गडबडीत राहिलं म्हणतो. मी जास्त खोलात गेलो नाही.) दारातच धरलं, पोलिसांनी हातात समन्स दिलं. ३०० ते १००० डॉलरमधली चोरी तिथे क्लास २ मिसडिमीनर (म्हणजे खालच्या दर्जाचा गुन्हा), १२० दिवसांपर्यंत कैद.

आता सरकारी वकील वर्षभराचं डिफर्ड जजमेंट देतोय. म्हणजे आज गुन्हा कबूल करायचा, कोर्ट दोषी ठरवणं लांबणीवर टाकणार. वर्षभर अटी पाळल्या की कबुली मागे, केस रद्द. ताई खूश आहे, “वर्षभर नीट वागला की पाटी कोरी!” माझं मन मात्र त्या कबुलीच्या सहीपाशी अडतंय. आपल्याकडच्या १९५८च्या प्रोबेशन कायद्यासारखंच आहे का हे? कोणी अनुभवलंय? मंगळवारी तारीख आहे.

प्रतिसाद १
दादा, सही थांबवा. आपल्याकडे आधी दोषी ठरवून मग बाँडवर सोडतात. तिथे दोषी ठरवणंच पुढे ढकलतात, म्हणून ते गोड वाटतं. पण इमिग्रेशनवाले राज्याच्या कोर्टाचं ऐकत नाहीत. १९९६पासून त्यांची व्याख्या वेगळी आहे: कबुली दिली आणि कोर्टाने काही बंधन घातलं, की त्यांच्या लेखी माणूस दोषी ठरला. पुढे केस रद्द झाली तरी ते पुसत नाही. शिवाय चोरी म्हणजे त्यांच्या लेखी बहुधा नैतिक अधःपतनाचा गुन्हा, म्हणजे व्हिसा अडचणीत आणू शकणारा. लगेच देशाबाहेर काढतील असं नाही, एकाच किरकोळ गुन्ह्याला सवलतही आहे. पण ती याला लागू होते का, हे इमिग्रेशन वकिलानेच बघावं.

प्रतिसाद २
आणि अट मोडली तर खटला चालवायची संधी नाही हो. कबुली आधीच दिलेली, थेट शिक्षेवर येतात. वकिलाला प्रीट्रायल डायव्हर्जन (खटल्याआधीच अटींवर केस बाजूला ठेवणं) मागायला सांगा. त्यात कोर्टात कबुली द्यावी लागत नाही. करारातही गुन्हा मान्य केल्याची ओळ नको, ती नीट वाचून घ्या.

धागाकर्ता
त्याच्या वकिलाने व्हिसाचा विषयच काढला नव्हता!

प्रतिसाद १
काढायलाच हवा होता. पडिया विरुद्ध केंटकी, २०१०, अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट: कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल तर ते सांगणं फौजदारी वकिलाचं काम आहे. हे नाव घेऊन विचारा, आणि मंगळवारची तारीख पुढे घ्यायला लावा.

धागाकर्ता
भाच्याला आत्ताच फोन केला, तिकडे पहाटेचे चार वाजलेत. सही करत नाही म्हणाला. ताईला कसं सांगायचं ते बघतो.