धंदा केला म्हणून शेतकरीपण जातं का?

अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा शेतकरी धंद्यात पडला की शेतकरी उरत नाही, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. तिथल्याच कून रॅपिड्स या छोट्या गावातला शेतकरी रॉसवेल गार्स्ट बघा. १९३०च्या सुमारास, ऐन मंदीत, त्याने मक्याचे संशोधक हेन्री वॉलेस यांचं संकरित मक्याचं बियाणं विकायला घेतलं. विकत घ्यायला लोकांकडे पैसा कुठे होता? मग तो बियाणं फुकट द्यायचा. अर्ध्या रानात हे पेरा, अर्ध्यात तुमचं नेहमीचं, आणि जे जास्त पिकेल त्यातला निम्मा वाटा माझा. आपल्या अर्धेलीसारखाच हिशेब, फक्त वाढीव पिकापुरता. मातीची जाण नसलेला माणूस असा सौदा करूच शकत नाही.

शीतयुद्ध चालू असताना, १९५५मध्ये, तो सोव्हिएत रशियातही जाऊन आला. सप्टेंबर १९५९मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह त्याचं शेत बघायला आले, तेव्हा वार्ताहरांची गर्दी हटेना म्हणून त्याने चक्क मुरघास (गुरांसाठी मुरवून ठेवलेला हिरवा चारा) उचलून त्यांच्यावर फेकला! आलेल्या पाहुण्याला आपलं पीक धड बघता येईना म्हणून चिडलेला शेतकरीच मला त्यात दिसतो.